बिनखर्चाची गाडी

शेलूबाजारच्या चौकात चंपत गाडी थांबवायचा तो चहासाठी नाही, प्रश्नासाठी. कोणीतरी जवळ येऊन बोनेटवर हात फिरवावा आणि विचारावं, "चंपतभाऊ, इले चालवाले लागते किती?" मग त्याने दार अर्धं उघडून, एक पाय खाली टेकवून, जरा वेळ लावून सांगावं, "रुपयात किलोमीटर. तेबी लागला त." समोरचा तोंडात बोट घाली, आणि चंपतचा दिवस गोड होई. चहा राहून गेला तरी चालत असे.

तसा चंपत मूळचा भाजीवाला. वांगी, मेथी, सांबार हे त्याचं आयुष्य. कोथिंबिरीला आमच्याकडे सांबारच म्हणतात. पंचवीस वर्षं तो धूर ओकणाऱ्या डिझेल जीपमध्ये भाजीची पोती घालून मंगरूळपीरला जात आला. मग नव्या महामार्गात खालच्या अंगाची जमीन गेली, मोबदला आला, आणि पुण्यात नोकरी करणाऱ्या धीरजने बापाला पटवून ही बॅटरीवरची गाडी घ्यायला लावली. पांढरी, उंच, आतून दवाखान्यासारखी स्वच्छ. एका चार्जमध्ये अकोल्याला दोनदा जाऊन यावी. आवाज म्हणून नाही. मागून आली तर रस्त्यातल्या म्हशीलासुद्धा कळत नसे, म्हणून चंपतला ऊठसूट हॉर्न वाजवायची सवय लागली. आवडाबाई, त्याची बायको, म्हणायची, "इंजिन नाई बोलत, त हे बोलून राह्यले."

घरच्या मीटरचं पहिलं बिल आलं तेव्हा चंपतने ते उलटंसुलटं करून पाहिलं. आकडा तोच राहिला.

"अवो, रुपयात किलोमीटर म्हनत होते ना?" आवडाबाईने विचारलं. "मंग गाडी घेतली का जहाज?"

धीरजने फोनवर समजावलं. घरच्या मीटरवर युनिट वाढले की दरही चढत जातो. गाडीसाठी वेगळं मीटर घ्या, अर्ज करा, थोडा खर्च येईल पण मग वर्षानुवर्षं स्वस्त. आणि टायरसाठी, विम्यासाठी महिन्याला काहीतरी बाजूला टाकत जा, गाडी वजनदार आहे, टायर लवकर झिजणार. चंपतने हूं हूं केलं. महामार्गावरच्या चार्जिंगच्या खांबाला एकदा गाडी लावून पाहिली, तर तिथला दर ऐकून त्याला जुन्या जीपची आठवण आली. आता चौकात काय सांगायचं? सगळ्या बाजाराला रुपया सांगून झालेला. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. चंपतला ती झाकून ठेवायची होती.

आणि मग त्याला शेत आठवलं. शेतीपंपाच्या विजेचं बिल नाही.

विहिरीजवळ निंबाच्या झाडाखाली मोटरीची खोली होती. चंपतने घरचा चार्जर काढून तिथे बसवला. धीरजला कळलं तसा तो फोनवर चिडलाच. "बाबा, हे नका करू. इचा सगळा लोड एकाच तारेवर बसते, दोन मोटरीयइतकं. डीपी आधीच भरलेली हाये. आन् हे पंपाची लाइन हाये, गाडीची नाई."

"तू पुन्यात बसून मले डीपी शिकवून राह्यला काय?" चंपत म्हणाला. फुकट ते पौष्टिक. दुसऱ्या दिवसापासून तो चौकात रुपयाही सांगेनासा झाला. "काईच लागत नाई," असं म्हणू लागला.

आता डीपीचं सांगायला हवं. शेताच्या बांधावर दोन खांबांमध्ये जो ट्रान्सफॉर्मर टांगलेला असतो तो डीपी. आसपासच्या सगळ्या शेतकऱ्यांच्या मोटरी त्या एकीवर. वीज येते ती ठरलेल्या तासांपुरती, आणि ती आली रे आली की सगळ्यांच्या मोटरी एकदम उठल्या तर डीपीचं कंबरडं मोडतं. काही लोक मोटरीला ऑटो लावतात. ऑटो म्हणजे एक छोटी डबी. मालक घरी झोपलेला असला तरी वीज आली की मोटर आपोआप चालू करते. मागे एकदा अशीच डीपी जळाली होती. तेव्हा सगळ्यांना निंबाखाली बसवून नियम घालणारा कोण, तर हाच चंपत. कोणी ऑटो लावायची नाही. अर्ध्यांनी आधीच्या पाळीत, अर्ध्यांनी नंतरच्या पाळीत मोटर लावायची. आणि जो मोडेल त्याचं नाव सगळ्यांसमोर डीपीपाशी घ्यायचं. नाव घेतलं गेलेल्या माणसाला पुढे पाळी मागतानाही मान खाली घालावी लागे.

नियम मोटरीचा होता. गाडीला मोटर कोण म्हणतं? असं चंपतने स्वतःला पटवलं. आपली मोटर बंद असताना तो गाडी लावी, म्हणजे हिशेबाने कोणाचं काही जात नव्हतं. मग एके दिवशी वांग्यांना पाणी हवं होतं आणि गाडीही रिकामी होती. वैशाखातली दुपार. त्याने दोन्ही लावलं.

धप्प असा आवाज आला. चंपतने बाहेर येऊन पाहिलं तर डीपीतून काळा धूर आणि तेलाचा वास. खरं सांगायचं तर माणूस आधी आगीकडे धावतो. चंपतचा हात आधी गाडीच्या पिनेकडे गेला. त्याने पिन उपसली, केबल गुंडाळून डिकीत टाकली, चार्जरवर पोतं टाकलं आणि गाडी मागच्या वाटेने घरी नेऊन लावली. गाडीचा आवाज नव्हता, ते बरंच झालं. मग तो पायी परत आला, सगळ्यांच्या नंतर, धापा टाकत.

तोवर लोकांनी चोर शोधलाही होता. गोपीचंद, शेजारच्या बांधाचा तापट गडी, सगळ्यांच्या मोटरीचे डबे उघडून पाहत फिरला होता, आणि सोजरबाईच्या डब्यात त्याला ऑटो सापडली.

सोजरबाई म्हणजे जगदेवची बायको. जगदेव चंपतचा थोरल्या भावासारखा. तो गेल्यापासून ही बाई एकटी तेवढ्याशा वावरात सांबार लावायची. उन्हाळ्याचा सांबार फार नाजूक, पाणी एक दिवस चुकलं की माना टाकतो, पण लग्नसराईत त्यालाच भाव. वर्षभरातलं तेवढं एकच पीक तिच्या हातात जरा सैल पैसा देई. आता ती डीपीखाली उभी होती, पदर डोक्यावर घट्ट ओढून.

"थे माह्या मालकानं बसोली होती," ती म्हणत होती. "ते गेले तव्हाच तिची तार काढून टाकली. मी नाई लावली."

"तार आत्ता काढली असंल, आमी यायच्या आधी," गोपीचंद म्हणाला. "आजी, आमचंबी पीक जळते ना?"

"मी नाई लावली," ती पुन्हा म्हणाली. आणि तिने चंपतकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. नियम त्याचा, शब्द त्याचा.

चंपतच्या जिभेवर खरं आलंही होतं. पण चौक आठवला, बोनेटवर फिरणारे हात आठवले, आणि तोंडातून भलतंच निघालं. "जाऊ द्या रे. म्हातारं मानूस हाये, विसरली असंल. नव्या डीपीसाठी वयनीची वर्गनी मी भरतो."

लोक वाहवा करत पांगले. मनाचा मोठा माणूस, म्हणाले. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि वर चोरच दयाळू! सोजरबाई पुढे होऊन "भाऊजी, मी लावली नाई" एवढंच हळू म्हणाली, आणि चंपत "असू द्या, असू द्या" करत निघाला. तिचा गुन्हा माफ करून तो घरी गेला आणि त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. आवडाबाईने ताट उचललं, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं, पण विचारलं नाही.

नवी डीपी यायला दिवस लागले. गोपीचंदकडे डिझेल इंजिन होतं, चंपतच्या वांग्यांना दम होता. सांबाराला दम नसतो. चंपत रोज वावरात जाई तेव्हा सोजरबाई गावातल्या नळावरून डोक्यावर हंडा आणताना दिसे. एक हंडा, एक वाफा. वाटेत कोणी भेटलं की ते बाजूला पाहत. ती मात्र प्रत्येकाला थांबवून सांगे, मी लावली नाई. लोक हो म्हणत आणि पुढे गेल्यावर हसत. चंपत दुरून ते सगळं पाही. त्याला लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून तो आणखीच गप्प राही. चार्जर रात्री गुपचूप घरी आणून गाडी आता तो घरीच लावत होता, बिल येईल तेवढं येऊ दे म्हणून. चौकात मात्र थांबेना. एकदा कोणीतरी विचारलंच, "भाऊ, इले किती लागते?" आणि चंपत काच वर करून निघून गेला.

मग एके सकाळी ती रस्त्याच्या कडेला सवारीच्या जीपची वाट पाहत उभी दिसली. पायाशी सांबाराचं एक गाठोडं. दरवर्षी तीन-चार असत. पानं पिवळी पडलेली, तरी तिने ओल्या फडक्यात नीट गुंडाळलेली. चंपतने गाडी थांबवली.

"बसा वयनी. मंगरूळले सोडतो."

"नको भाऊजी. येईन जीप."

"बसा ना."

"दुसऱ्याचं डिझेल जाळून मी फुकट बसत नाई. तुमाले ठाव हाये." जगदेव असतानाही ती कोणाच्या बैलगाडीत फुकट बसली नव्हती.

"इले डिझेल लागतच नाई," चंपतच्या तोंडून सवयीने निघून गेलं.

ती विचारात पडली. मग चपला काढून हातात घेतल्या, आत बसली आणि गाठोडं मांडीवर घेतलं, सीट ओली होऊ नये म्हणून. गाडी निघाली. थंड हवा आली तशी तिने घाम पुसला. बराच वेळ ती काचेतून वावरं पाहत राहिली.

"चांगली हाये गाडी," ती म्हणाली. "धूर नाई, आवाज नाई. लोक म्हनतेत काईच लागत नाई इले."

चंपतने उगाच हॉर्न वाजवला.

"मले थेच आवडलं. कोनाचं काई जातच नाई म्हंजे. म्हनून बसली मी. नाईतर नसती बसली." तिने त्याच्याकडे वळून पाहिलं. "नाई ना जात कोनाचं काई?"

तिने टोमणा मारला असता तर बरं झालं असतं. पण तिने साधेपणाने विचारलं होतं, खरंच खात्री करून घ्यायला. चंपतला तिच्या मांडीवरचं ते पिवळं गाठोडं दिसत होतं. त्याने गाडी कडेला घेतली.

"जाते, वयनी," तो म्हणाला. "तुमचं गेलं. डीपी ह्या गाडीनं जळाली. मोटर बी लावली होती मी आन् हे बी."

बाहेरून एक ट्रक गेला. सोजरबाई गाठोड्यावर हात ठेवून बसून होती. चंपत बोलत सुटला. सांबाराचे पूर्ण पैसे देतो, आजच देतो, पुढच्या साली बी देतो, पाय धरतो. तिने मध्येच हात वर केला.

"मले काहून सांगता?" ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "म्या लावली नाई, हे मले त पयल्या दिवसापासून ठाव हाये. ज्यायले ठाव नाई, त्यायले सांगा."

तिने दार उघडलं, खाली उतरून चपला घातल्या. कनवटीची दहाची नोट काढून सीटवर ठेवली. "इथवरचं भाडं," म्हणाली. चंपत नको नको म्हणाला, पण ती गाठोडं डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेने चालू लागली होती. मागून जीप आली, थांबली, ती दाटीवाटीत कशीबशी चढली. जीप धूर सोडत गेली.

चंपत स्टिअरिंगवर हात ठेवून बसला. आज नवी डीपी येणार होती, हे त्याला ठाऊक होतं. त्यासाठीच तर तो सकाळी गावाबाहेर पडला होता, तिथे हजर राहावं लागू नये म्हणून.

त्याने गाडी वळवली.

बांधावर सगळे जमले होते. डीपी दोरखंडाने वर चढत होती, गोपीचंद खाली उभा राहून ओरडत होता. एका हातात त्याने सोजरबाईच्या डब्यातली ऑटोची डबी धरली होती. आजच उपसून आणलेली, सगळ्यांना दाखवायला. गाडी अगदी मागे येऊन उभी राहिली तरी कोणाला कळलं नाही. अजूनही मागे फिरता आलं असतं. चंपतने हॉर्नवर हात ठेवला आणि सगळी तोंडं वळेपर्यंत काढला नाही.

मग तो उतरला. डिकी उघडून केबल काढली, ती ओढत डीपीखाली नेली आणि गोपीचंदच्या पायाशी टाकली.

"थे ऑटो नोती," तो म्हणाला. "हे होती. नाव घ्या माहं."