कापसाची बंडी

दुकानाच्या पाटीवर ‘ऐसपैस’ एवढाच शब्द होता, आणि रंगाऱ्याचा अंदाज चुकल्यामुळे तोही पाटीवर दाटीवाटीने बसला होता. त्यावरून सारी गल्ली दुकानाच्या मालकिणीला ऐसपैसबाई म्हणे. खऱ्या नावाची गरज फक्त विजेच्या बिलाला पडे. मोठ्या अंगाच्या बायकांचे कपडे ती शिवत असे, आणि तिचे स्वतःचे अंग हीच त्या धंद्याची खरी पाटी होती.

दुकान म्हणजे रस्त्याला लागून एक खोली आणि पडद्याआड आणखी एक, स्टूल ठेवल्यावर दोन माणसांना जेमतेम पुरणारी. आतला आरसा खांद्यापर्यंतचाच होता. त्याखालचे ज्यांना पाहायचे असेल त्यांनी घरी जाऊन पाहावे, असे तिचे म्हणणे. मापाचा आकडा या दुकानात कधी मोठ्याने उच्चारला जात नसे. टेप फिरवून ती तो खडूने कापडाच्या उलट्या बाजूवर लिही आणि घडी घाली. शिवणीत माया इतकी ठेवी की पुढल्या वर्षी तोच ड्रेस उसवून वाढवताना कुणाला मान खाली घालावी लागू नये. नवी बाई पडद्याआड आली की पर्स छातीशी धरून उभी राही. तेव्हा ऐसपैसबाई स्टुलावर बसून स्वतःच्या सदऱ्याचा काठ वर करी आणि उघड्या पोटावर थाप मारी.

“आधी मी,” ती म्हणे. “हे बघून घ्या. तुमचं याहून मोठं निघालं तर शिलाई माफ.”

शिलाई आजवर कुणालाच माफ झाली नव्हती. पर्स मात्र प्रत्येकीची खाली आली होती.

पुढे गुडघ्यांनी साथ सोडली. बसले की पोट मशीनच्या चाकाला टेके आणि चाक अडे. झोपेत तिचा श्वास थांबू लागला, तेव्हा लिफ्ट दुरुस्त करणारा नवरा, ज्याला दोन मजल्यांमध्ये अडकलेल्या माणसांची सवय होती, तोही घाबरला. “तू मध्येच बंद पडतेस गं,” तो म्हणाला. “तुला कुठली कळ दाबायची तेच मला कळत नाही.” डॉक्टरांनी साखर, रक्तदाब आणि वजन एकाच कागदावर मांडून शस्त्रक्रिया सुचवली. जठराचा मोठा भाग काढून टाकायचा आणि उरलेल्याची अरुंद नळी करायची. शिवणकामातलेच काम ते, असे तिला वाटले. फरक इतकाच की यात माया ठेवत नाहीत.

बरे होणे हा तिच्या कल्पनेपेक्षा लांबचा रस्ता निघाला. आधी नुसते पातळ, मग चमच्याने मोजके, मग प्रत्येक घास भुगा होईपर्यंत चावायचा. जेवताना पाणी नाही, पाण्याच्या वेळी जेवण नाही. गोड खाल्ले की छाती धडधडे आणि दरदरून घाम फुटे. कंगव्यात केसांचे पुंजके येत. गोळ्या जन्माच्या पाठीला लागल्या. अंगातले मांस गेले, कातडे मात्र जागच्या जागी राहिले, पाहुणे निघून गेल्यावर आवरायच्या राहिलेल्या अंथरुणासारखे.

टाचण्या ओठांत धरायची तिची उभ्या जन्माची सवयही त्यातच गेली. एकदा काठ टाचताना अचानक उमासा आला आणि एक टाचणी घशापर्यंत जाऊन उलटीबरोबर बाहेर पडली. दवाखान्यातल्या परिचारिकेला तिने फोनवर सांगितले, तेव्हा ती म्हणाली, “आता तुमच्या पोटात टाचणीइतकी जागा नाही हो बाई. त्या दुसरीकडे खोचत जा.”

मात्र झोप सलग लागू लागली. साखरेच्या गोळ्या सुटल्या. एका सकाळी दाराच्या पायरीवर बसून तिने स्वतःच्या बुटांच्या नाड्या बांधल्या, सोडल्या, पुन्हा बांधल्या. आजवर ते काम नवरा करत असे.

वरच्या मजल्यावरून जाऊ हे पाहत होती. “आम्ही मैदानाला फेऱ्या मारून मारून मेलो,” ती खाली ऐकू जाईल अशा बेताने म्हणाली, “आणि ही बघा, झोपल्या झोपल्या बारीक झाली. तेही भूल घेऊन.”

जावेचे बोलणे अंगाला लागू न देण्याची तिला सवय होती. पूर्वी तर अंगही तेवढे होते. लागले ते दुकानातले. बायका येत, दारातूनच “छान दिसतेस हं” म्हणत आणि पिशवीतले कापड पिशवीतच ठेवून परत जात. ‘छान दिसतेस’ हा निरोपाचा शब्द आहे हे तिच्या ध्यानात यायला वेळ लागला. शाळेच्या मुख्याध्यापिकेने तेवढे स्पष्ट सांगितले.

“तुझं काही चुकलं नाही गं. पण तुझ्यासमोर कपडे काढायला आता नको वाटतं. तपासायला उभं केल्यासारखं होतं.”

“मी तीच आहे, बाई.”

“तू असशील. मला बघणारे डोळे बदलले ना.”

त्या आठवड्यात ऐसपैसबाईने दोन जुन्या उशा फोडल्या. त्यांतला कापूस पिंजून तिने स्वतःसाठी एक बंडी शिवली. पोटाशी जाड, कुशीला उतरती, पाठीवर पातळ, आत नाड्या आणि वर आडवे-उभे दोरे घातलेली. एवढे बेमालूम काम तिने कुठल्याच गिऱ्हाइकासाठी केले नसेल. वरून जुना सदरा चढवला की ती पूर्वीची ऐसपैसबाई होई. गाल बसले होते. त्यासाठी दाढा काढल्याचे कारण पुढे केले. ऑपरेशनचे तिने घराबाहेर कुणालाच सांगितले नव्हते, म्हणून उरल्यासुरल्या शंकेला उत्तर होते: “पथ्य केलं होतं बाई, झेपलं नाही. सुटलं, आणि गेलं होतं ते सगळं परत आलं.”

हे ऐकून बायकांच्या चेहऱ्यावर जे समाधान पसरे, ते तिने ‘छान दिसतेस’ म्हणताना कधीच पाहिले नव्हते. “होतंच गं असं,” म्हणत त्या मायेने तिच्या पाठीवर हात ठेवत, आणि ती पाठ चटकन वळवून घेई. गेलेल्यांपैकी बऱ्याच जणी परतल्या. मुख्याध्यापिकाही आली, आणि या वेळी दोन ड्रेस टाकून गेली.

अंग घटत होते तशी बंडी वाढवावी लागे. एवढे सोसून टाकलेले ओझे ती रोज सकाळी अंगावर बांधी आणि दुकान बंद झाल्यावर उतरवून खुंटीला टांगी. आत घामाने कातडे सोलवटे. “दुकानात जाड, घरात बारीक,” नवरा म्हणाला. “मी नक्की कुणाबरोबर संसार करतोय, ते एकदा सांगून ठेव.” तिला हसू आले नाही. जावेला बंडी दोरीवर वाळताना दिसली, तेव्हा तीही थांबली नाही: “अगं, मग त्या डॉक्टरलाच सांगायचं होतंस. आतलं काढताय तर बाहेरून लावून द्या म्हणावं.”

एक गोष्ट बंडीमुळे बंद झाली. ‘आधी मी’ म्हणून सदरा वर करणे आता शक्य नव्हते. जुन्या बायकांना त्याची गरज उरली नव्हती आणि नव्या फारशा येत नव्हत्या, म्हणून ते कुणाच्या लक्षात आले नाही, असे ती धरून चालली.

पोस्टातल्या ताई तिच्या पहिल्या गिऱ्हाईक. पार्सलच्या खिडकीशी त्या बसत, आणि खिडकीपलीकडे कुणी घेरदार बाई उभी दिसली की पावतीबरोबर ‘ऐसपैस’चा पत्ताही देत. दुकानातल्या निम्म्या बायका त्या खिडकीतून आल्या होत्या. ताई फिरल्या तर दुकान फिरेल, हे ऐसपैसबाई जाणून होती. मागल्या खेपेला ताईंच्या करड्या ड्रेसच्या बाह्या टाचून झाल्या होत्या. या वेळी त्या गडद निळे कापड घेऊन आल्या, पण त्यांनी ते उलगडले नाही.

“घाई नाही मापाची,” पडद्याआड स्टुलावर बसत त्या म्हणाल्या. “डॉक्टर म्हणतात, पोटाचं ऑपरेशन करून घ्या.”

ऐसपैसबाईच्या हातातला टेप जागीच राहिला. “तुम्हाला कशाला हवंय ते, ताई?”

“झोपेत श्वास अडकतो. घरात दुसरं आहे कोण? मांजर आहे, ते डबा वाजल्याशिवाय ढुंकून बघत नाही. मुलगा फोनवर म्हणतो, आई, तुझं तू ठरव. भाऊ म्हणतो, या वयात कुणाला दाखवायचंय? डॉक्टर तर काय, हसऱ्या बायकांचे फोटोच दाखवतात.” त्या थांबल्या. “तू इतकी अंगं बघतेस. कुणी केलेलं आहे तुझ्या ओळखीत? पुढे काय होतं, ते मला खरं सांग.”

खरे सांगायचे तर नाडी सोडावी लागली असती. नाडी सोडली की मुख्याध्यापिकेचा पाठीवरचा हात, परत आलेल्या बायका, पोस्टाची खिडकी, सगळेच सुटले असते. आणि ताई स्वतः बारीक झाल्या तर त्या कशाला येणार इथे? तयार कपड्यांच्या दुकानात जातील. हा हिशेब तिच्या डोक्यात क्षणात झाला. कापड पाहूनच ड्रेस निघेल की नाही हे कळते, तितक्या सहज.

“आहे एक बाई,” ती म्हणाली. “तिचं ऐकाल तर त्या वाटेला जाणार नाही. खाल्लेलं कधी उलटून येईल त्याचा नेम नाही. चारचौघांत बसून जेवायची सोय राहिली नाही. केस गेले. कातडं असं लोंबतं की स्वतःला हात लावायला किळस वाटते. नवऱ्याला तिची हाडं टोचतात. घरचे म्हणतात, आयतं मिळालं. बाहेरचे छान दिसतेस म्हणतात आणि तोंड फिरवतात. आधी निदान सगळ्यांना ठाऊक होतं, ही जाडी आहे म्हणून. आता ती कोण आहे हे तिचं तिलाच सांगता येत नाही. कशाला घेता विकतचं दुखणं?”

बोलता बोलता तिचा आवाज चढला होता. त्यातले एकही वाक्य खोटे नव्हते. म्हणूनच ते इतके सफाईने बाहेर पडले.

ताईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले. “आणि झोप?” त्यांनी विचारले. “झोप लागते का तिला?”

“झोपेचं काही बोलली नाही ती.”

“जिने चढते?”

“विचारलं नाही मी.”

ताई उठल्या. गुडघ्यावर हात रेटून, स्टुलाला धरून, दोनदा थांबून उठल्या. मग जवळ येऊन त्यांनी ऐसपैसबाईच्या सदऱ्यावर, पोटाच्या मध्यभागी बोट ठेवले. तिथे टाचणीचे डोके चमकत होते. त्याखाली आणखी दोन होती.

“मागल्या खेपेला माझ्या बाहीतली टाचणी काढलीस आणि इथे खोचलीस,” ताई म्हणाल्या. “पार डोक्यापर्यंत. माझ्याच अंगावर काटा आला, आणि तू आपली बोलत होतीस.”

ऐसपैसबाईने खाली पाहिले. ओठांत धरणे बंद झाल्यापासून हाताने टाचण्यांसाठी आपली आपण जागा शोधली होती, आणि तिला त्याचा पत्ताही नव्हता.

“मला वाटलं, विचारलं तर सांगेल. म्हणून आले.” ताईंनी एक टाचणी ओढून काढली आणि डबीत टाकली. “माझ्यासमोर पहिल्या दिवशी पोट उघडं करून बसली होतीस. मी काही तुझ्या घेराला भुलून नाही आले इतकी वर्षं.” दुसरी टाचणी डबीत पडली. “लोंबतं कातडं तर लोंबतं कातडं. तेच दाखवायचं होतंस.”

“ताई, दुकान बसलं असतं माझं.”

“हो, ते आहेच,” ताई म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. तिसरी टाचणी त्यांनी तशीच राहू दिली. “ऑपरेशनचं मी ठरवलंय. मुलगा आठ दिवस येईल म्हणाला. भीती वाटते म्हणून एका माणसाजवळ बोलायचं होतं, बाकी काही नाही.”

निळ्या कापडाची पिशवी काखेत मारून त्या पडदा सारून निघून गेल्या. रस्त्यावर त्या दोनदा दम घ्यायला थांबलेल्या तिला दिसल्या. नाडी सोडून धावत जाता आले असते. ती आता धावू शकत होती. पण बंडी बांधून धावणारी ऐसपैसबाई सगळ्या गल्लीने पाहिली असती.

ती उभीच होती, तेवढ्यात दारात एक मुलगी आली. नोकरीला नुकतीच लागलेली असावी. जाड, घामेजलेली, पर्स छातीशी धरलेली.

“पोस्टातल्या बाईंनी पत्ता दिला होता,” ती म्हणाली. “मागच्याच आठवड्यात.”

ऐसपैसबाईने तिला आत घेतले. मुलगी कोपऱ्याला चिकटून उभी राहिली. पर्स खाली येईना.

“मला जरा... लाज वाटते,” ती म्हणाली. “पण त्या म्हणाल्या होत्या, तिथे काही वाटणार नाही.”

ऐसपैसबाई स्टुलावर बसली. तिचा हात सवयीने सदऱ्याच्या काठाशी गेला, बोटांना नाडीची गाठ लागली, आणि तो तिथून परत आला. मग ती उठली. टेप तिने मुलीच्या हातात दिला आणि स्वतः पडद्याबाहेर जाऊन उभी राहिली.

“माप तुमचं तुम्हीच घ्या,” ती म्हणाली. “आकडा सांगा, मी लिहून घेते.”

पडद्यामागे पर्स जमिनीवर ठेवल्याचा आवाज आला, टेप सरकला, आणि मुलीने काहीतरी सांगितले, इतक्या हळू की ते पडद्यापर्यंतही पोहोचले नाही.

“मोठ्याने,” ऐसपैसबाई म्हणाली.