काहून म्हणजे नमस्कार

"काहून, भैया!" कॅन्टीनच्या खिडकीशी ती म्हणाली, तशा मागच्या टेबलावरच्या मुली फिदीफिदी हसल्या. "अरे, मराठी में 'क्यों भैया' बोल रही है, पागल!"

ती इथिओपियाहून जबलपूरला शेतकी शिकायला आली होती. चहात चिमूटभर मीठ घालायची आणि कुणी ओ देवो न देवो, दिसेल त्याला हाक मारायची. माझ्याशी आपणहून बोलणारी वर्गात ती एकटीच. मी लहानपणापासून शाळेत इंग्रजी बोलत आले, बाहेर हिंदी. मराठी फक्त फोनवर आईशी, तीही हळू आवाजात. फोन उचलला की मी आधी विचारायची, "काहून?" शेजारच्या बाकावरून ते ऐकून ऐकून तिला वाटलं, हाच आमच्या घरचा नमस्कार. शब्द माझा होता आणि हसं तिचं होत होतं.

चहाचा ग्लास घेऊन ती माझ्याकडे वळली. "काहून?"

मागच्या टेबलावरचं हसू थांबलं. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी शेजारची खुर्ची ओढली आणि अख्ख्या कॅन्टीनला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काहून गं! ये, बस इथं."