आप्पांच्या गळ्यातली डबी

धारूरच्या बाजारात वैजिनाथ आप्पांचं किराणा दुकान होतं. त्यांच्या आजाराच्या दोन तऱ्हा बायकोला, नीलाबाईंना, पाठ होत्या. चढ आला की आप्पा झोपच विसरत, गिऱ्हाइकाला माल फुकट देत. तेव्हा त्या गल्ल्याची किल्ली लपवत. उतार लागला की आप्पा भिंतीकडे तोंड करून पडत. तेव्हा त्या उशाशी बसत.

चौऱ्याण्णवच्या उन्हाळ्यात बरेच दिवस पडून राहिलेले आप्पा एकदम उठले. नव्याने आलेल्या शाम्पूच्या पुड्यांच्या माळा भराभर दारावर टांगू लागले.

“वहिनी, पेढे वाटा!” शेजारचा सुग्रीव ओरडला. “आप्पा उठले की!”

पण आप्पांच्या डोळ्यांतून धार लागली होती.

“आप्पा, रडताय कावून?” मुलीनं, ईश्वरीनं विचारलं.

“हातपाय पळायलेत, डोकं पळायलंय. मन तेवढं मेलंय गं.”

दुपारी नीलाबाईंना खुंटीवर आप्पांची चांदीची डबी दिसली. तिच्यातलं इष्टलिंग लिंगायताच्या गळ्यात जन्मतः पडतं आणि त्याच्यासोबतच मातीत जातं. जितेपणी ते कुणी उतरवत नाही.

“अहो, हे उतरवलं कावून?”

“जड व्हायलंय.”

नीलाबाई चरकल्या. पडून असताना या माणसात मरायचंही बळ नव्हतं. आता ते आलं होतं. त्यांनी आरडाओरडा केला नाही. डबी स्वतःच्या गळ्यात, आपल्या डबीशेजारी अडकवली.

“तुमचं वझं मी घेतलं. आता बीडला चला डॉक्टरकडं. मला एकटीला एसटीत मळमळतं.”

आप्पा रडता रडता हसले. “तुझी वकारी आन् माझं मरण, दोनी एकाच गाडीत?”

“तिकिटं दोनच लागतेत. चला.”

घाटात खिडकीशी त्या स्वतः बसल्या. आप्पांचं मनगट त्यांनी बीडपर्यंत सोडलं नाही.

“चढ आणि उतार कधी कधी एकाच वेळी येतात,” डॉक्टर म्हणाले. “दुःख उताराचं, जोर चढाचा. सगळ्यात धोक्याची वेळ हीच. बाई, वेळेवर आणलंत.”

आप्पांना तिथं ठेवून घेतलं. गोळ्या लागू पडायला पावसाळा उजाडला. घरी आल्यावर नीलाबाईंनी डबी परत त्यांच्या गळ्यात घातली.

अजूनही चढ-उतार येतात, पण घर ओळखतं, बीड गाठतं. सकाळी आंघोळ करून, विभूती लावून आप्पा इष्टलिंग डाव्या तळहातावर घेतात. गोळ्यांनी हात कापतो.

“आप्पा, थरथरायलंय,” ईश्वरी म्हणते.

“थरथरू दे. हातावर हाय न्हवं?” मग ते स्वयंपाकघराकडे बघून हात जोडल्यासारखी मान लववतात. “नीले, तुझे उपकार.”

“आधी देवाचं करा,” आतून उत्तर येतं. “च्या निवायलाय.”