दोन वचनांची वाटणी

मार्था सिस्टर गेल्याचा फोन आला तेव्हा मी महाडच्या कोर्टाबाहेर एका पक्षकाराचं प्रतिज्ञापत्र टाइप करत होतो. ते पूर्ण करूनच उठलो. रडू आलं नाही. माझी एक गोष्ट ठाऊक असलेलं एकमेव माणूस गेलं होतं, आणि क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं... त्याचीच लाज घेऊन पोलादपूरला पोचलो.

तिथल्या दवाखान्यात त्या नर्स होत्या. नगरकडच्या, ख्रिस्ती. आमचं बाळ बारशाआधीच तापलं तेव्हा वरंधजवळच्या आमच्या वाडीत रीतीप्रमाणे आधी देवीला कौल लावला. गुरवाने मूर्तीला फुलं चिकटवली. उजवं पडलं की होकार, ते पडेना. जीप दारात उभी, आणि मी, शिकलेला माणूस, हात जोडून बसलो. होकार मिळाला तेव्हा दुपार टळली होती. बाळ गेल्यावर सिस्टरनी मला एकट्याला बाहेर घेतलं. "सकाळी आणायचं होतंस रे. वाचलं असतं." ते वाक्य मी गिळलं. घरी बायकांनी ठरवलं, माझ्या बायकोने, इंदूने, पोटुशी असताना ग्रहणात भाजी चिरली, त्याचं हे पाप. तिनेही ते मानलं. मी वर्षानुवर्षं गप्प राहिलो.

सिस्टरकडे मात्र जात राहिलो. एकदा चिडून म्हणालो, "तुमच्या ख्रिस्ती शास्त्राचं काय ते एक ठरवा. एकीकडे माणूस आईच्या पोटातूनच पापी, दुसरीकडे स्वर्ग लेकरांचाच. बापाचं पाप पोरांवर येतं, आणि येतही नाही. माझं बाळ कशात बसतं?" त्यांनी चहात बटर बुडवलं. "आमच्या पाळकांना हेच विचारून छळलंय मी. म्हणाले, प्रार्थना कर. म्हणजे त्यांनाही येत नव्हतं." मग कप खाली ठेवला. "दोन्ही वचनं खरी आहेत. पण सगळी सगळ्यांसाठी नसतात. पापाचं तुझं. निष्पापाचं बाळाचं आणि इंदूचं. तू वाटणी उलटी केलीस." त्यानंतर कित्येक महिने मी तिकडे फिरकलो नाही.

मातीला इंदूही आली होती. परतताना रस्त्याकडेला गाडी थांबवली आणि सिस्टरचं 'वाचलं असतं' आणि ती वचनांची वाटणी, दोन्ही तिला सांगितलं. ती समोरच्या काचेतून बघत राहिली.

"सिस्टरला ठाव होतं?"

"हो."

"म्हंजे तिला पण गप ठेवलीत."

नंतर आठवडाभर ती माझ्याशी बोलली नाही.

गेल्या रविवारी सिस्टरच्या भाचीने खोली आवरायला बोलावलं. इंदू आपणहून गाडीत येऊन बसली. सिस्टरच्या उशाशी त्यांचं शास्त्राचं पुस्तक तसंच होतं. रोजच्या हाताळण्याने ते त्याच दोन वचनांच्या जागी आपसूक उघडत होतं. पापाचं वचन मी मोठ्याने वाचलं. शेवटपर्यंत वाचलं. इंदू खाटेच्या कडेला टेकून ऐकत होती.

"झालं तुमचं?" ती म्हणाली. "आता माझं वाचा."