वाकलेलं अवकाश

गुरुत्वाकर्षण शिकवताना मी मुलींना चादर ताणून धरायला लावली आणि मधोमध लोखंडी गोळा ठेवला. कडेला सोडलेली गोटी घरंगळत त्याच्याकडे गेली.

"गोळा तिला ओढत नाही. त्याच्या वजनानं भोवतालचं अवकाशच वाकतं," मी म्हणाले.

"आमचे अण्णा असेच आहेत, बाई," सुनंदा म्हणाली. "काही बोलत नाहीत, तरी सगळे त्यांच्या मनासारखंच वागतात."

वर्ग हसला, मीही हसले. मी जे पुस्तकात वाचलं होतं, त्यात ती जन्मापासून राहत होती.

दिवाळीनंतर ती शाळेत आली नाही. लग्न ठरलं होतं. तिला शिकू द्या, हे सांगायला मी घरी गेले. अण्णा नुसतं "बसा" म्हणाले. मी बसले, चहा घेतला, आणि मुलगा काय करतो एवढंच विचारून परत आले.