नानांच्या हौदातले सतरा मासे

पार पिंपळनेरपासून फैजपूरपर्यंत अख्खा खानदेश पालथा घातला, तरी आठ फूट लांब आणि पाच फूट रुंद पाण्यासाठी आमच्या धुळ्याच्या घरमालकांइतका जीव टाकणारा माणूस सापडायचा नाही. त्यांना सगळी गल्ली नाना म्हणायची, म्हणून आम्हीही नानाच म्हणायचो. पाटबंधारे खात्यात उभी हयात काढून ते निवृत्त झाले होते, पण खात्यातून नुसता त्यांचा देह बाहेर पडला होता. घर बांधताना भिंतींवर पाणी मारायला परसात जो हौद बांधतात, तो काम संपलं की लोक फोडून टाकतात. नानांचा हौद राहिला, आणि त्यात सतरा गोल्डफिश राहत होते. नाना मात्र त्याला हौद म्हणत नसत. ते म्हणत, ‘जलाशय’. कामवाल्या बाईंनी भांडी घासायला त्यातली एक बादली उपसली, तर ‘पातळी दोन इंचांनी खाली गेली’ हे त्यांना जिन्यावरून दिसायचं.

थंडीत हे मासे तळाशी गप्प पडून राहायचे आणि नानाही. पण महाशिवरात्र झाली, परसातला कडुनिंब हौदात पिवळी पानं गाळू लागला, की नानांच्या अंगात वारं भरायचं. उन्हाळा लागायच्या आत हौद धुऊन, गाळ काढून, नवं पाणी भरून माशांना सोडायचं, हे त्यांचं वर्षाचं सर्वांत मोठं काम. त्याचा मुहूर्त पंचांगात नसे. रोज सकाळी नाना बाही सरसावून कोपर पाण्यात बुडवत आणि डोळे मिटून उभे राहत. लहान बाळाच्या अंघोळीचं पाणी आया जसं बघतात, तसं. एके दिवशी कोपर बाहेर काढून ते वर आमच्या गॅलरीकडे बघत आणि ओरडत, “सर! उद्या विसर्ग!” मी कॉलेजात शिकवतो, म्हणून सर. शेजारच्या अक्कांना ते कुंपणापाशी जाऊन रीतसर कळवत, “अक्का, सकाळी पाणी सोडतो आहे. नदीकाठच्या गावांनी सावध राहावं.” नदीकाठचं गाव म्हणजे अक्कांची तुळस. अक्का म्हणत, “नाना, मांगला सालेबी तुम्हीच बुडाडी तिले,” आणि कुंडी उचलून आत नेत.

मग आमच्या अंघोळीच्या बादल्या जप्त होत. मासे एकेक करून जुन्या मच्छरदाणीच्या झोळीने उचलून जुन्याच पाण्याच्या पिंपांत जात. नाना खाकी हाफपँट चढवून हौदात उतरत आणि तीन भिंती नारळाच्या शेंडीने खरवडून काढत. चौथीला हात लावू देत नसत. पहिल्या वर्षी मी उत्साहाने त्या भिंतीचं शेवाळ घासायला गेलो, तर त्यांनी माझं मनगटच धरलं. “तेवढं राहू द्या. माणसाचं घर रंगवलं तरी देवघर कुठं हलवतो आपण?” काढलेला गाळ गल्लीत घरोघरी वाटला जाई आणि तो नको म्हणायची कोणाची प्राज्ञा नव्हती. आमच्या मोगऱ्याला तर दोनदा मिळाला, कारण पहिल्यांदा दिल्याचं नाना विसरले होते. मात्र नवं पाणी भरताना ते अगदी वेगळे होत. नळाच्या पाण्यात औषध असतं, ते दोन दिवस उन्हात पिंपांत उघडं ठेवल्याशिवाय त्यातला थेंबही हौदात पडू द्यायचे नाहीत. भरायचं तेही निम्मं. निम्मं जुनंच पाणी परत. “बदलीच्या गावी पहिल्या दिवशी तुम्हाला तरी झोप लागते का, सर?” असं विचारत.

आम्ही त्यांच्याकडे राहायला आलो, तेव्हा त्यांच्या पत्नीला, म्हणजे काकूंना, जाऊन दोन वर्षं झाली होती. नाना एकटेच राहत, आणि बोलायचे ते बहुतेक माशांशी नाहीतर माझ्याशी. दोघांच्या बाबतीत उत्तराची अपेक्षा नसे.

तिसऱ्या वर्षी नेमके महाशिवरात्रीच्या सुमाराला नाना स्कूटरवरून पडले. मांडीचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. मी दवाखान्यात भेटायला गेलो, तर पायाचं राहिलं बाजूला. माझा हात धरून म्हणाले, “सर, यंदा तुम्हाला करावं लागेल.” मी केलं. पलंगावरून ते व्हिडिओ कॉल करत. मी दिसलो की वैतागत, “मला तुमचं तोंड नका दाखवू हो, फोन पाण्याकडे धरा.” तीन भिंती घासल्या, चौथी सोडली, गाळ वाटला, पाणी दोन दिवस उन्हात ठेवलं. मासे सोडले. सगळं यथासांग झालं, फक्त पाणी नानांनी भिंतीवर केलेल्या खुणेच्या वीतभर खाली राहिलं. दुपारी नळ आला. मला पेपर तपासायचे होते. वीतभर पाण्याने काय होतंय, असं म्हणून मी नळी थेट हौदात टाकली आणि वर गेलो.

सकाळी अकरा मासे पोटं वर करून तरंगत होते. उरलेले सहा त्या चौथ्या भिंतीला चिकटून उभे होते.

दवाखान्यात पडलेल्या म्हाताऱ्याला हे कसं सांगायचं? बायकोने ते अकरा जास्वंदीखाली पुरले आणि म्हणाली, “आणा की दुसरे. मासे सगळे सारखेच दिसतात.” धुळ्यातला मासेवाला नानांना ओळखत होता, तो बोलल्याशिवाय राहिला नसता. म्हणून मी जळगाव गाठलं. येताना एसटीत मांडीवर पाण्याच्या चार पिशव्या. पारोळ्याला एक आजी शेजारी बसल्या, त्यांनी बराच वेळ पिशवीत पाहिलं आणि विचारलं, “शिजवतस कसा यास्ले?” मी सांगितलं, हे खायचे नाहीत. त्या जरा सरकून बसल्या. फोनचा कॅमेरा बिघडलाय, असं मी नानांना आधीच सांगून टाकलं होतं. नव्या अकरांना मात्र दोन दिवसांच्या मुरलेल्या पाण्यात, कोपर बुडवून बघून, सोडलं.

पंधरा दिवसांनी नाना वॉकर टेकत घरी आले, ते थेट परसात. मी मागे उभा. त्यांनी सावली पाण्यावर पडेल असं पुढे झुकून पाहिलं. सहा मासे वर आले. अकरा सैरावैरा तळाशी पळाले. नाना म्हणाले, “खुर्ची आणा, सर.”

मी खुर्ची आणली. ते बसले आणि मी सगळं सांगून टाकलं. नळी, पेपर, जास्वंद, जळगाव. रागावतील, निदान घर सोडा म्हणतील, असं वाटलं होतं. नाना पाण्याकडे बघत होते. रोज माझ्याशी नीट पुस्तकी बोलणारे नाना एकदम गावच्या बोलीत म्हणाले, “पह्यला साले मी बठ्ठाच मारी टाकात ना भो.”

“पहिल्या वर्षी सगळेच मारले?” मी विचारलं. मग त्यांनी सांगितलं. पहिले नऊ मासे काकूंनी हौसेने आणले होते. त्या भाचीच्या लग्नाला चार दिवस माहेरी गेल्या, आणि नानांनी त्यांना खूश करायला हौद चकचकीत घासून नळाच्या पाण्याने काठोकाठ भरला. एक वाचला नाही. नानाही असेच जळगावला गेले, असेच नऊ घेऊन आले. काकू आल्या, हौदाशी उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, “चार दिन माहेरले गऊ, तं मासा मोठा हुई गयात का हो?” नाना म्हणाले, “हवा मानवली.” त्यावर काकूंनी त्यांच्याकडे एकदा पाहिलं आणि आत चहा टाकायला गेल्या.

“मग कधीच सांगितलं नाहीत?”

“कसं सांगणार? पाटबंधाऱ्याचा माणूस, आणि पाण्यात मासे मारले. जन्मभर हसली असती ती. पाहुण्यारावळ्यांना सांगून सांगून हसली असती.”

वातावरण हलकं करावं म्हणून मी पारोळ्याच्या आजींचा किस्सा सांगितला. नाना इतके हसले, की ऑपरेशनच्या जागी हात दाबून धरावा लागला. डोळे पुसले. आणि पुसता पुसता हसू कधी ओसरलं ते मला कळलं नाही.

“हसू द्यायला पाहिजे होतं तिला,” ते म्हणाले.

ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत आम्ही दोघं तिथेच बसून राहिलो. मग आत जायला त्यांनी वॉकरकडे हात न नेता माझ्या खांद्यावर ठेवला.