मोरीपाशी डावीकडे ओढणारी गाडी

आधीच कबूल करतो, या ग्रुपवर मी आजवर फक्त हसायला येत होतो. कुणाच्या बाईकवर मागे वजन आलं, कुणाला घाटात हात दाखवणारी बाई दिसली... चहा पिता पिता वाचायचो आणि बायकोलाही वाचून दाखवायचो. माझा धंदाच असा आहे की गाडीला काही झालं तर त्याला कारण असतं. सापडलं नाही म्हणजे नीट शोधलं नाही, एवढंच. माझे वडील प्रत्येक गाडीला लिंबू-मिरची बांधायचे आणि त्यांची पाठ वळली की मी ती सोडून टाकायचो. आता मात्र हसायचं सोडून लिहायला बसलोय. या गोष्टीला दोन महिने झाले.

मी विलास. मूळचा खालापूरकडचा, भातशेतीवाल्या घरातला. कर्जत–कशेळे रस्त्यावर माझं व्हील अलाइनमेंटचं छोटं दुकान आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो – चाकं सरळ नसली की गाडी एका बाजूला ओढते. मशीन चाकांचे आकडे दाखवतं, बरोबर असले तर हिरवे, चुकले तर लाल. पण मी मशीनवर थांबत नाही. आकडे हिरवे झाले की गाडी रस्त्यावर काढायची, सरळ पट्ट्यात स्टीअरिंगवरचे हात सोडायचे आणि गाडी कुठे जाते ते बघायचं. मशीन एक वेळ चुकेल, रस्ता चुकत नाही, असं मी गिऱ्हाइकांना मोठ्या तोऱ्यात सांगायचो.

माझ्या जुन्या गिऱ्हाइकांपैकी एक म्हणजे अन्वर मास्तर. त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल होतं. एकच पांढरी गाडी, आणि शिकायला जास्त करून बायका – शिक्षिका, नर्स, अंगणवाडीच्या ताई. शिकवणाऱ्यासाठी डाव्या सीटपुढे, पायाशी, जादा क्लच आणि ब्रेक असतात, ते तुम्ही पाहिले असतील. स्टीअरिंग मात्र एकच. त्यासाठी मास्तरांची एक सवय होती. समोरून मोठी गाडी आली आणि शिकणारी गोंधळली, की ते डाव्या सीटवरून उजव्या हाताची दोन बोटं स्टीअरिंगला खालून लावायचे आणि हळूच डावीकडे घ्यायचे. ओरडायचे नाहीत. गाडी माझ्याकडे आणली की दर वेळी एकच विचारायचे, “विलास, सरळ हाय ना रं गाडी? माझ्या पोरी बसतात हिच्यात.”

गेल्या वर्षी मास्तर त्याच सीटवर गेले. दुपारची वेळ, कशेळ्याच्या अलीकडे ओढ्यावर एक छोटी मोरी आहे तिथे. गाडी एक अंगणवाडीच्या ताई चालवत होत्या. समोरून डंपर आला, मास्तरांनी बोटं लावून गाडी डावीकडे घेतली, ब्रेक दाबून मोरीपाशी उभी केली. डंपर निघून गेला. ताईंनी काहीतरी विचारलं, उत्तर आलं नाही. हार्ट अटॅक. बोटं तेव्हाही स्टीअरिंगवरच होती, ती सोडवावी लागली असं म्हणतात.

स्कूल बंद पडणार असं सगळ्यांनी धरलं होतं. पण त्यांच्या मुलीने, शबानाने, ते चालू ठेवलं. वडिलांच्याच सीटवर बसून ती शिकवायला लागली. घरचे विरोधात होते, ती कुणाला बधली नाही.

दिवाळीनंतर, भाताची झोडणी चालू होती तेव्हा, एके दिवशी सकाळी ती गाडी घेऊन दुकानात आली. चेहरा उतरलेला. म्हणाली, “दादा, गाडी डावीकडं ओढते. पण सारखी नाय. मी एकटी असले की ओढते, तेबी समोरून मोठी गाडी आली की.”

मी विचारलं, पोरी शिकत असतात तेव्हा? तेव्हा नाही ओढत, ती म्हणाली. तेव्हा मी डाव्या सीटवर असते ना.

मला हसू आलं. गाडीला काय कळतं डाव्या सीटवर कोण बसलंय ते. मी म्हटलं, शिकणाऱ्यांना ओढ कळत नसणार, गाडी ठेवून जा. ती निघाली आणि दारातून परत वळली. तीन दिवसांनी तीन बायकांची आरटीओत लायसन्सची टेस्ट होती. म्हणाली की गाडीत काही खोट असेल तर स्पष्ट सांगा, मी आजच्या आज स्कूल बंद करीन. माझं काय व्हायचं ते होऊ दे, पण त्या पोराबाळांवाल्या बायका आहेत. मी म्हटलं, माझ्यावर सोड.

गाडी मशीनवर घेतली. सगळे आकडे हिरवे. हवा, बुश, बॉल जॉइंट सगळं तपासलं, पुढचे टायर डावे-उजवे बदलून पाहिले. मग रस्त्यावर काढली, एकटाच. कडाव गावाच्या पुढच्या सरळ पट्ट्यात हात सोडले. गाडी अगदी सरळ गेली. मोरी जवळ आली आणि समोरून खडीचा डंपर येताना दिसला. मी हात स्टीअरिंगवर ठेवले.

आणि स्टीअरिंग डावीकडे फिरलं.

झटका नाही, थरथर नाही. कुणीतरी खालून धरून आपल्याकडे घ्यावं, तसं. मी उजवीकडे जोर लावला तर उलट बाजूने तेवढाच जोर. डंपर गेला आणि स्टीअरिंग सैल पडलं. भर उन्हात, अकराच्या सुमाराला हे घडलं.

तीन वेळा फिरून त्याच पट्ट्यात आलो. रिकाम्या रस्त्यावर काही नाही. मोठी गाडी आली की ओढ. तिसऱ्या वेळी मी समोर न बघता क्षणभर स्टीअरिंगच्या खालच्या कडेकडे पाहिलं. तिथे कव्हरचं रेक्झिन दोन ठिकाणी दबलेलं होतं... बोटाएवढं, शेजारी शेजारी. इतक्या वर्षांच्या सवयीने झिजलं असणार, असं मी स्वतःला सांगितलं. डाव्या सीटकडे मात्र दुकानात पोहोचेपर्यंत पाहिलं नाही.

यानंतर मी जे केलं ते फक्त अलाइनमेंटवालाच करू शकतो. आपल्याकडे रस्त्याला कडेकडे उतार असतो, त्यामुळे सरळ गाडीही जराशी डावीकडे जाते. म्हणून आम्ही चाकाच्या झुकावात थोडा फरक ठेवून गाडी केसभर उजवीकडे जाईल अशी ठेवतो. त्यात गैर काही नाही. मी मात्र केसभरावर थांबलो नाही. मशीनचे आकडे लाल होईपर्यंत गाडी उजवीकडे झुकवली. रस्ता चुकत नाही म्हणायचो ना मी? रस्त्यावर डावीकडे ओढते तर ओढू दे, मी उजवीकडून तेवढीच ओढ लावतो, हिशोब बरोबर! खरं सांगायचं तर मी घाबरलो होतो. कारण शोधायची हिंमत नव्हती, म्हणून कशीतरी ओढ मारून टाकली.

त्यातच आणखी एक शंका आली. डाव्या सीटपुढचा ब्रेक एका रॉडने मुख्य ब्रेकला जोडलेला असतो. तो रॉड अडकून ब्रेक घासत असेल तर? म्हणून मी रॉड काढून बाकावर ठेवला. पुन्हा एक चक्कर मारली, फरक पडला नाही. रॉडचा दोष नव्हता. जेवून येऊन लावू म्हटलं आणि विसरलो. एवढ्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शबाना आली. झाली गाडी, मी म्हटलं. ती म्हणाली की मी चालवते, तुम्ही शेजारी बसा. मी डाव्या सीटवर बसलो. मास्तरांच्या सीटवर.

कडाव मागे पडलं. उन्हं छान होती, दोन्ही बाजूंच्या शेतांत भाताचे भारे रचलेले. शबाना चौथ्या गिअरमध्ये, बेताच्या वेगात. मोरी दिसायला लागली आणि समोरून पेंढ्याचा टेंपो आला. दोन्ही बाजूंना एवढा पेंढा बाहेर आलेला की अर्ध्याहून जास्त रस्ता त्याचाच. शबानाने सवयीने स्टीअरिंग उजवीकडे धरलं. कित्येक आठवडे ती त्या डावीकडच्या ओढीला असंच तोंड देत होती, हे तिने मला सांगितलं नव्हतं. आणि मी गाडीच उजवीकडे झुकवून ठेवली होती, हे मी तिला सांगितलं नव्हतं.

गाडी मधली रेघ ओलांडून टेंपोकडे निघाली. शबाना ओढीची वाट बघत होती. मीही. ती आलीच नाही. येणार कुठून... डाव्या सीटवर मी बसलो होतो.

शबाना थिजली. टेंपोवाल्याचे डोळे मला दिसले.  माझा उजवा हात मांडीवर होता. तो उचलला गेला. मी उचलला असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. दोन बोटं स्टीअरिंगला खालून लागली, त्या दबलेल्या जागी, आणि गाडी डावीकडे आली. अगदी सावकाश. त्याच वेळी माझा पाय खाली गेला, ब्रेक लागला, टायर किंचाळले आणि गाडी मोरीच्या कठड्यापाशी बंद पडून उभी राहिली. पेंढा आरसा घासत गेला, दोन काड्या खिडकीतून आत माझ्या मांडीवर पडल्या. टेंपोवाला शिव्या घालत निघून गेला.

 मी हात मागे घ्यायला गेलो, बोटं सुटेनात. माझीच बोटं, आणि मला जुमानत नव्हती. मला रडू आलं, सांगायला लाज वाटत नाही. शबाना त्या बोटांकडे बघत राहिली. मग तिने एकेक करून ती सोडवली. तिचे हात बर्फासारखे गार होते.

“अब्बांची पण अशीच सोडवली होती,” ती म्हणाली. “ताईंनी.”

परत मी गाडी चालवली, अगदी रांगत. ती मागच्या सीटवर बसली. डावी सीट रिकामी ठेवावी असं दोघांनाही न बोलता वाटलं. दुकानात शिरलो आणि समोर बाकावर, फडक्यावर, ब्रेकचा रॉड पडलेला.

मी तसाच गाडीत आडवा होऊन डाव्या ब्रेकवर हात दाबला. तो लुळा होता. कशालाच जोडलेला नव्हता, नुसता खाली जात होता. मी शबानाला विचारलं की तू ब्रेक दाबलास का. तिने मान हलवली. तिचा पाय ॲक्सिलरेटरवरून निघालाच नव्हता, भीतीने तिथेच गोठला होता. नंतर मी एकटा जाऊन तो रस्ता पाहून आलो. ब्रेकचे दोन काळे पट्टे मोरीपर्यंत स्पष्ट उमटलेले होते.

त्या दिवशी मी तिला सगळं सांगितलं. गाडी मुद्दाम उजवीकडे झुकवली ते, रॉड लावायला विसरलो ते. वाटलं, आता ही मला जोड्याने मारेल, आणि मारलं असतं तरी मी चूप बसलो असतो.  तिने डोळे पुसले आणि म्हणाली, “दादा, आता गाडी सरळ करा. परवा माझ्या पोरी बसतील हिच्यात.”

आवाज तिचाच होता. शब्द मात्र मास्तरांचे होते.

मी रॉड लावला, तीन वेळा ओढून पाहिला. झुकाव काढला, सगळे आकडे हिरवे केले. ठरल्या दिवशी टेस्ट झाली, दोघी पास झाल्या, तिसरी रिव्हर्समध्ये नापास झाली आणि पुन्हा देणार आहे.

तर्क मीही लढवून पाहिलेत. बोटांचं एक वेळ समजू शकतो. मास्तरांची सवय मी पाहिलेली होती, घाबरल्यावर हात आपोआप तसा गेला असेल. डावीकडच्या ओढीसाठीही एखादा हुशार मेकॅनिक काहीतरी कारण शोधून देईल. पण न जोडलेल्या ब्रेकने गाडी कशी थांबली, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही. तुमच्यात कुणी जाणकार असेल तर खाली लिहा, मी हात जोडून वाचीन.

त्या दिवसापासून गाडीची ओढ गेली. मी एकटाच घेऊन जातो, डावी सीट रिकामी असते, समोरून डंपर येतो, गाडी रेघेत सरळ जाते. मला बरं वाटायला हवं ना? वाटत नाही. मोरी जवळ आली की माझे हात स्टीअरिंगवर आवळले जातात. हात सोडून बघायचं मी बंद केलंय.

शबाना गरज नसताना दर पंधरा दिवसांनी गाडी घेऊन येते. मशीनवर घ्यायलाही सांगत नाही, फक्त किल्ली हातात देते आणि दारात उभी राहते. “बघा ना दादा,” ती म्हणते, “थोडी तरी डावीकडं ओढते का.”

मी मोरीपर्यंत जाऊन येतो आणि सरळ आहे म्हणून सांगतो.